उभ्या गाडीचा करंट कोण खातं?

"रात्री चांगली लावली होती भाऊ, सकाळी पाहतो तं खतम." या एका वाक्यावर माझं घर चाललं. मुलींची लग्नं झाली, वर एक मजला चढला, आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा मीही दिला. कारंजा घाडग्यात हायवेच्या कडेला माझं बॅटरी आणि वायरिंगचं दुकान होतं. आता ते पुतण्या बघतो आणि मी बाहेर खुर्ची टाकून पुतण्याला बघतो. त्याला ते फारसं आवडत नाही.

इतरत्र बॅटरी बसते, आमच्याकडे उतरते. ताप उतरतो, चढलेली उतरते, तशीच बॅटरीही. फरक एवढाच, की ताप उतरल्यावर तो कुठे गेला असं कोणी विचारत नाही. बॅटरी उतरली की मात्र प्रत्येकाला करंट गेला कुठे याचा हिशेब हवा असतो. आणि तो हिशेब द्यायला मी बसलेला असायचो.

ज्यांनी कधी गाडीचं पोट उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटारसायकलची बॅटरी डब्याएवढी असते. इंजिन चालू असताना ती भरते. बटण दाबून गाडी सुरू केली, की त्यातला मोठा घास एकदम जातो. गाडी उभी असताना काहीच जायला नको. पण काही वेळा चावी काढली तरी कुठे तरी काही तरी खात असतं. कोणी जादा हॉर्न बसवलेला असतो, कोणी मोबाइल चार्ज करायचं भोक, कोणी झगमगणारी पट्टी. ही जोडणी करणारा चावीच्या अलीकडून वायर घेतो, कारण तिथून घेणं सोपं असतं. मग गाडी झोपते आणि पट्टी जेवत बसते.

हे पकडायची माझी पद्धत साधी. बॅटरीची काळी वायर सोडायची आणि वायर आणि बॅटरी यांच्या मधे एक छोटा बल्ब लावायचा. चावी बंद असताना बल्ब पेटला, की आत कोणी तरी खातंय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझला, चोर त्या घरात. आता मीटर आले आहेत, पुतण्या मीटर लावतो. मी अजून बल्बच लावतो, कारण बल्ब गिऱ्हाइकालाही दिसतो. मीटरमधला आकडा दाखवला तर गिऱ्हाईक मान हलवतं आणि मनात म्हणतं की हा फसवून राह्यला.

पण बल्ब पेटलाच नाही तर काय करायचं, ही खरी विद्या. ती मला एका भांडेवाल्या शेठनं शिकवली, आणि शिकवतोय हे त्याला माहीत नव्हतं. त्याची जुनी गाडी फक्त संकष्टीला दगा द्यायची. केळझरला गणपतीच्या दर्शनाला जायचा, महाप्रसाद घ्यायचा, खाली येऊन बटण दाबायचा, आणि गाडी गप्प. किक होती, पण किक मारायला त्याचा गुडघा राजी नव्हता. एरवी महिनाभर गाडी एकदम ठणठणीत. मी बल्ब लावला, बल्ब पेटेना. शेठचं मत असं, की बाप्पाला त्यानं आणखी थोडं थांबावं असं वाटत असावं. मीही जवळजवळ तिथवर आलो होतो.

शेवटी मी त्याला म्हटलं, केळझरला गाडी लावता तशी इथं लावून दाखवा. त्यानं स्टॅंड लावला, हॅंडल वळवून लॉक केलं आणि चावी आणखी एक खटका पुढे नेऊन काढली. त्या खटक्यापाशी इंग्रजी पी लिहिलेला होता. मागचा लाल दिवा मंद पेटला. शेठ म्हणाला, पी म्हणजे पार्किंग, मी पार्किंगमधे लावतो तेव्हा पार्किंगवरच ठेवतो. दुकानासमोर तो नुसती चावी काढायचा, केळझरला गर्दी म्हणून नीट लॉक करायचा. अंधाऱ्या रस्त्यावर गाडी थांबवली तर मागच्याला दिसावी म्हणून तो खटका असतो, हे त्याला पटलं नाही. मग त्यावर पी कशाला लिहिलं, असं त्यानं विचारलं. तेव्हापासून मी ठरवलं, की गाडी निर्दोष निघाली तर माणसाकडे वळायचं.

सिस्टरची गाडी आली ती अलीकडे, दुकान पुतण्याकडे गेल्यावर. सिस्टर म्हणजे प्रणाली, आरोग्य उपकेंद्राची नर्स. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे ज्यात छापून येईल तो अंक त्या गावातही जातो. कारंज्याहून जंगलाच्या अंगाला आत गेलं की तिचं सासर, आणि तिथून आणखी आत तिचं उपकेंद्र. नवरा ट्रकवर, महिन्यातून केव्हा येईल ते हायवेला माहीत. घरी ती आणि सासू शेवंताबाई, दोघीच. गाडी नवऱ्यानं घेऊन दिलेली, नव्या पद्धतीची, म्हणजे किक नसलेली. किक काढून टाकायचं ज्याच्या डोक्यातून आलं, त्यानं एकदा आमच्या भागात जानेवारीच्या सकाळी बटण दाबून पाहावं असं मला फार वाटतं.

तिनं गाडीच्या मागचा लशींचा निळा डबा सोडून स्टुलावर ठेवला आणि ते ठरलेलं वाक्य म्हटलं. दुसऱ्या दुकानातून बॅटरी बदलून झाली होती, तीही उतरत होती. मी बल्ब लावला. पेटला नाही. चार्जिंग पाहिलं, ठीक. पट्टी नाही, जादा हॉर्न नाही, भोक नाही. साधी, सरळ गाडी. मी म्हटलं, सिस्टर, गाडीत काही नाही. ती म्हणाली, डॉक्टर लोक असंच सांगतात आणि पेशंट मरते.

मग रोज सकाळी कशी निघता, असं मी विचारलं. ती म्हणाली, आमची बुढी ढकलून देते. दारापासून रस्त्यापर्यंत उतार आहे. ही गिअर टाकून क्लच धरून बसते, शेवंताबाई मागून लोटतात, अर्ध्या उतारावर ही क्लच सोडते आणि गाडी घुर्रर्र करून उठते. मी म्हटलं, सासू चांगली आहे मग. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बोलत नाई आम्ही," ती म्हणाली. "ते ढकलते, मी जातो." आमच्याकडे बायाही येतो, जातो असंच म्हणतात.

कारण विचारलं तर तिनं बल्बकडे पाहत सांगितलं. गावात तपासणीचं शिबिर होतं. ओळीत शेवंताबाई होत्या. हिनं सगळ्यांसारखा त्यांच्याही दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहून घाबरली आणि तिथंच सगळ्यांदेखत म्हणाली, आई, मीठ बंद, लोणचं बंद, पापड बंद. गावातल्या बायका हसल्या. शेवंताबाईंनी पट्टा सोडला, घरी गेल्या, आणि नवऱ्याच्या माघारी एकटीनं घर चालवलेल्या बाईचं सुनेनं गावासमोर बीपी काढलं, असं शेजारणीला सांगून तोंड मिटलं. आमच्याकडे एखाद्याचं काढणं म्हणजे चारचौघांत त्याची उणीदुणी काढणं. मला हसू येत होतं, पण सिस्टरचे डोळे पाणावले होते, तेव्हा मी फ्यूजचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

त्या दिवशी मी बॅटरी भरून दिली. थोड्याच दिवसांत ती परत आली. या वेळी गाडी चालवत नव्हे, टेम्पोत घालून. दोन दिवसांपूर्वी सकाळी उपकेंद्रात बाळंतपणाची बाई आली होती, फोनवर फोन, आणि गाडी उतारावरही उठली नाही. शेवंताबाईंनी दोनदा परत वर ओढून लोटली. शेवटी सिस्टर एका दुधवाल्याच्या मागे बसून गेली. पोचली तेव्हा मूल अर्धं बाहेर होतं आणि मदतनीस बाई एकटीच निभावत होती. दोघंही वाचली. पण सिस्टरनं ठरवलं होतं, की उपकेंद्राच्या गावात खोली घ्यायची आणि पायी कामावर जायचं. खोली पाहून झाली होती. महिना संपला की सामान हलवणार.

"मंग सासूबाई?" मी विचारलं.

"राह्यतील. बोलायले तसंबी कोणी नाई हाये त्याहिले."

बोलताना तिनं मान दुसरीकडे केली होती. मला राग आला, कोणावर ते कळेना, म्हणून मी तो गाडीवर काढायचं ठरवलं.

बाजूचं झाकण उघडायला गेलो. त्याची खिटी तुटलेली होती आणि सिस्टरनं ते सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेलं होतं. मागच्या वेळी मी ती पट्टी दोनदा गुंडाळून खोचून दिली होती. आता तिला सरकगाठ होती, वासराला दावं बांधतात तशी, एक टोक ओढलं की सुटणारी. सिस्टर शहरातली, वर्ध्याची. तिनं आयुष्यात वासरू बांधलं नसावं. बॅटरी बाहेर काढून उजेडात धरली. दोन्ही टोकांच्या मऊ धातूवर बारीक दातांचे ठसे होते, उंदरानं कुरतडल्यासारखे. पण उंदीर एका ओळीत कुरतडत नाही. तो चिमट्याचा दात होता, आणि तसे चिमटे मी स्वतः पिशवी भरभरून विकले आहेत.

मी विचारलं, सिस्टर, घराला लागून वावर आहे का? कोठ्यामागंच, म्हणजे गोठ्यामागंच आहे, ती म्हणाली, थोडा हरभरा आहे. गाडी कुठं लावता? कोठ्यात. डुक्कर येतात का? येतात, रोही म्हणजे नीलगाईही येतात, म्हणून झटका मशीन आहे.

झटका मशीन म्हणजे शेताभोवती तार ओढून तिला बॅटरीवरचं एक छोटं यंत्र लावतात. तारेला तोंड लावलं की जनावराला एक टोला बसतो. जीव जात नाही, इज्जत जाते, आणि ते दुसऱ्याच्या वावरात जातं. जंगलाकाठच्या गावांत रात्री कान दिला तर हे यंत्र टिक, टिक करत असतं.

मी विचारलं, त्या मशीनची बॅटरी चांगली आहे ना?

"नाई ना, ते तं दिवाळीतच गेली. बुढीनं पोराले आणाले सांगतली, तो विसरला."

"मंग मशीन बंद हाये?"

"नाई, चालू हाये. रातभर टिकटिक करते, मले त्याच्याशिवाय झोप..."

तिथं ती थांबली. लशींचा डबा मांडीवर होता, त्याच्या कडीवर तिचा हात तसाच राहिला. मी बॅटरी तिच्यासमोर धरली आणि चिमट्याच्या दातांचे ठसे दाखवले. गाठीचं सांगितलं नाही, गरज नव्हती.

तिला वाटलं ते उघड होतं. बुढीनं मुद्दाम केलं, मी कामावर जाऊ नये म्हणून केलं. मी म्हटलं, मुद्दाम उतरवणारी बाई सकाळी उतारावर ढकलत नाही. ती म्हणाली, ते लोकांना दाखवायला. मग म्हणाली, काका, तुम्ही चला आणि तुम्हीच विचारा, आमचं बोलणं बंद आहे. माझ्या धंद्यात घरी जाऊन सासूची चौकशी करणं बसत नाही. पण खोलीचं डोक्यात घुसलं होतं. मी गाडीची बॅटरी चार्जरवर भरून घेतली, मशीनसाठी एक बॅटरी आणि छोटी सोलर प्लेट गाडीसोबत टेम्पोत टाकली आणि सिस्टरबरोबर गेलो.

शेवंताबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत होत्या. उंच, वाळक्या, पदर कमरेला खोचलेला. मी ओळख दिली आणि वायरीचे चिमटे कोठ्यात खुंटीला दिसतात का पाहिलं. दिसले. लपवलेही नव्हते. मी विचारलं, बाई, गाडीतून करंट तुम्ही घेता का?

"घेतो," त्या म्हणाल्या. "मंग? पाहाटं ढकलून देतो ना."

मी म्हटलं, पण ती उतरते ना. त्यांनी काडी मोडून ढिगावर टाकली आणि मी नवीन असल्यासारखं मला समजावलं. रात्री विहीर उपसली तर सकाळपर्यंत पाझरून भरते. ही गाडी दिवसभर फिरते, फिरताना भरते, हे पोरानंच सांगितलं होतं. भरलेलं रात्रभर नुसतं पडून राहते. डुकरं ऐन भरातलं वावर खाऊन राह्यली. तर पडून राहिलेलं घेतलं तर काय बिघडलं? आणि उपसल्यावर पहिलं पाणी जड येतं, म्हणून त्या सकाळी धक्का देतात.

खरं सांगतो, इतकं नीट मला कोणी बॅटरीचं सांगितलं नव्हतं. चूक एकच होती. मी म्हटलं, बाई, विहीर बरोबर आहे, पण पाझर कमी आहे. सून इथून उपकेंद्रात जाते, गाडी उभी, परत येते. तेवढ्या फिरण्यात एका रात्रीचं भरून येत नाही. रोज थोडी थोडी खाली जाते आणि एक दिवस बुड लागतं. परवा बुड लागलं.

बुड म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. परवा त्यांनीच गाडी दोनदा वर ओढली होती.

"ते बाई वाचली ना?" त्यांनी मला विचारलं.

"वाचली," सिस्टर मला म्हणाली.

"लेकरू?"

"लेकरूबी," सिस्टर मला म्हणाली.

मी दोघींच्या मधे उभा होतो. दोन टोकांच्या मधे बल्ब लावावा तसा. माझ्यातून काही तरी जात होतं एवढं कळत होतं. मग सिस्टरनं मला विचारलं, म्हणजे मला उद्देशून विचारलं, की सांगितलं का नाही? शेवंताबाई मला म्हणाल्या, सांगणार कसं, बोलणं बंद हाये ना. मग काड्यांकडे पाहत त्या म्हणाल्या की पोरगा घरी येतो तो सोलेभातासाठी येतो. हरभऱ्याचे सोले डुकरांनी खाल्ले तर तो कशाला येईल. सिस्टरलाही तो यायला हवाच होता.

मी मशीनला वेगळी बॅटरी जोडली, प्लेट कोठ्यावर चढवली, चिमटे काढून खिशात घातले. गाडीची बॅटरी भरून आणली होती ती बसवली आणि बटण दाबून दाखवलं. एका दमात सुरू झाली. शेवंताबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"मंग आता ढकला नाई लागन?" त्यांनी विचारलं.

मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, नाही बाई, आता कधीच नाही. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्या, बरं, म्हणाल्या आणि आत गेल्या. चहाही विचारला नाही, आणि आमच्या भागात हे सहसा होत नाही. परत येताना मला कळलं, की त्या घरात दोघी मिळून रोज एकच गोष्ट करत होत्या आणि ती मी दुरुस्त करून आलो होतो. पन्नास चोर पकडले, पण पकडल्याचं वाईट वाटलं ते याच वेळी. खोलीवर जाणं महिनाअखेरीला ठरलेलंच होतं.

महिना संपल्यावर सिस्टर आली. हॉर्नचा आवाज बसला होता. मी स्वतःच पाना घेऊन बसलो, कारण पुतण्याला देऊन मला ऐकायला मिळालं नसतं. गाडी कशी आहे, विचारलं. मस्त, म्हणाली. मग खोलीवर कधी गेलात, विचारलं.

म्हणाली, तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी बाहेर काढली, बटण दाबलं, सुरू झाली. आरशात पाहते तर बुढी मागे. दोन्ही हात कॅरिअरवर, पाय रोवून, रोजच्यासारखी. गाडी चालू आहे हे तिला ऐकू येत होतं. तरी लोटलीच. गाडी उतारावर लागली, बुढी सोडेना, मागे धावायला लागली.

"मले वाटलं पडते आता. म्हटलं, आई, सोडा."

"मंग?"

"म्हणे, सोडतो. संध्याकाळी लवकर येजो."

मी हॉर्नचा स्क्रू फिरवत राहिलो. तो कधीचाच बसला होता.

खोलीवाल्याला तिनं नको म्हणून कळवलं होतं. कारण काय सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, खरं तेच, गाडी सुरू होते आता. शेवंताबाई अजून रोज लोटतात. सिस्टर आधी बटण दाबत नाही, त्यांचे हात कॅरिअरवर आल्यावर दाबते. नवरा येऊन सोलेभात खाऊन गेला, त्याला यातलं काही सांगितलेलं नाही.

गाडी घेऊन ती निघाली तेव्हा मला एक आठवलं. मी हाक मारून विचारलं, सिस्टर, बुढी बीपी काढू देते का आता?

तिनं पाय टेकवून गाडी थांबवली.

"देते," ती म्हणाली. "दार लावून."